गणपतीमागची भिंत

दुकान विकत घेण्याआधी नीट बघून घ्यावं, हे सगळं जग सांगतं. बघायचं कसं, हे एक माणूस सांगत नाही. गौलीगुड्यातलं ते दुकान आमच्या बाजूने कितीतरी जणांनी बघितलं, ठोकलं, हुंगलं, एकाने तर चुना जिभेवर घेऊन चव बघितली. आणि सगळ्यांनी मिळून बघितल्या तीन भिंती. दुकानाला भिंती चार असतात. एवढं मोजायला शाळा लागत नाही, म्हणून मला जमलं.

शाळा मी सातवीत सोडली. का सोडली ते विचारू नका. पट्टी मास्तरांची होती आणि शेवटी ती माझ्या हातात होती, एवढंच सांगते.

त्या साली सरकारने आमचं हैदराबाद राज्य भाकरीसारखं मोडलं. एक तुकडा मुंबईला, एक म्हैसूरला, उरलेला आंध्रात. भाकर मोडताना चुरा कुठं पडतो ते कुणी बघत नाही. आम्ही चुरा. आबा दफ्तरात कारकून, घरात मराठी बोलतात, म्हणून त्यांचं नाव मुंबईच्या यादीत गेलं. आबांनी मुंबई कॅलेंडरावर सुद्धा बघितलेली नाही. बदली नांदेडला होणार म्हणे. हे कळल्याबरोबर मायने बसल्या जागी ठरवून टाकलं, एवीतेवी तिकडं चाललोच आहोत तर सखूचं उरकून टाकू. उमरीला माझ्या मामाचा पोरगा आहे. नाव हिम्मतराव. मांजर आडवं गेलं तर हा अर्ध्या वाटेतून घरी परत येतो आणि मांजर घरी गेलं का ते बघून मग निघतो. त्याच्याशी माझं लग्न.

वाचायची वाट एकच होती. आबांनी लवकर पेन्शन घ्यायची, इथं दुकान घ्यायचं आणि त्यात पिठाची चक्की टाकायची. चक्कीवर मी बसणार. ही कल्पना माझी. आमच्या नल्लकुंट्यातला चक्कीवाला आमचं दळण सगळ्यांचं झाल्यावर, शेवटी घेतो. कितीही आधी जाऊन बसा, आमचा डबा शेवटी. काहून, असं मी त्याला एकदा विचारलं. त्या दिवसापासून त्या चक्कीवर मला बंदी आहे. तर मला माझी चक्की पाहिजे होती, जिथं जो आधी आला त्याचं आधी दळायचं. एवढी साधी गोष्ट.

दुकान होतं बरकतपुऱ्याच्या माधवराव वकिलांचं. खाली दोन दुकानं, वर एक खोली. एका दुकानात मल्लय्या म्हणून भांडीवाला भाड्याने होता. दुसऱ्यात आधी वकिलांच्या भावाचं कापडाचं दुकान होतं, ते आता रिकामं. वकील मुलाकडे औरंगाबादला चालले होते आणि सगळं झटपट विकायला काढलं होतं. झटपट विकणारा माणूस दिसला की खरं तर घेणाऱ्याने हळू चालावं. आमच्याकडे उलटं. आबा म्हणाले, "वकील माणूस आहे, कायद्याचा. फसवणार नाही." दफ्तरात आयुष्य काढलेल्या माणसाचा कायद्यावर इतका भरवसा कसा राहतो, देव जाणे. चुकले, आमच्याकडे आता देव नाही. त्याचंच पुढं सांगायचंय.

बातमी फुटली आणि सल्ले सुरू झाले. सल्ला द्यायला माणसाला दुकान लागत नाही, भिंत लागत नाही, फक्त दुसऱ्याचा ओटा लागतो. आमच्या ओट्यावर रोज कुणीतरी बसलेलं. एक म्हणाला, राज्य फुटलं, आता शहर ओसाड होणार, घेऊ नका. त्याचाच भाऊ म्हणाला, नवीन राजधानी इथंच, सोनं होणार, दोन घ्या. मायच्या ओळखीच्या एका बाईने सांगितलं, चक्कीची मोटर सुरू झाली की वरचं छत खाली येतं, तिच्या नणंदेच्या गावात आलं होतं. छत आलं का, असं मी विचारलं. नाही, पण आलं असतं, म्हणाली. मी आत जाऊन भांडी आपटली.

या सगळ्यांत मोठे हणमंतराव. शेजारीच राहतात. पैमाइशीच्या खात्यातून रिटायर, म्हणजे जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या, स्वतःची एक इंच नाही. डोक्यावर पांढरी टोपी, हातात काठी. ते आबांना म्हणाले, "नामदेवराव, इमारत बघण्याचं एक शास्त्र आहे. तुम्ही त्यात पडू नका. मी येतो."

आम्ही गेलो. आबा, हणमंतराव आणि मी. मला नेणार नव्हते, पण मी मोटरीची जागा बघायची म्हणून चप्पल घालून पुढंच जाऊन उभी राहिले.

वकिलांनी शटर उघडलं आणि म्हणाले, "या हणमंतराव, या. ये नामदेवा." हणमंतरावांना राव, आबांना वा. आबांना ऐकू आलं नाही. मला आलं.

आत डाव्या भिंतीवर देव होते. थोडेथोडके नाहीत. मध्ये मोठा गणपती, काचेच्या फ्रेममध्ये, एका माणसाला उचलायला जड जाईल असा. त्याच्या बाजूला लक्ष्मी, वर तिरुपतीचा बालाजी, खाली मारुती, दत्त, आणि उरलेल्या जागेत गेल्या कित्येक वर्षांची देवांची कॅलेंडरं. भिंतीचा रंग कोणता, हे सांगता येत नव्हतं. वकील म्हणाले, "भावाची भक्ती. दिवा लावतो, नीट बघा," आणि त्यांनी बटण दाबलं.

हणमंतरावांचं शास्त्र सुरू झालं. काठीने समोरची भिंत ठोकली, कान लावला. मागची ठोकली, कान लावला. उजवी ठोकली. मग डावीकडे आले, चपला काढल्या, टोपी सारखी केली, हात जोडले, डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले आणि चपला घालून दारात जाऊन उभे राहिले.

"ती भिंत राहिली," मी म्हणाले.

"कोणती?"

"देवांची."

"अगं, देवाच्या अंगावर काठी मारू का?"

मी आबांकडे बघितलं. आबा उजव्या भिंतीकडे तोंड करून उभे. मान जराही डावीकडे नाही. झालं असं की गेल्या दसऱ्याला आबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. तिथं शपथ घेतली की देव मानणार नाही, त्यांची पूजा करणार नाही. घरातले देव आम्ही नीट बांधून पाण्यात सोडले. इथवर मला पटलं. पण आबांनी ठरवलं की देवाकडे आता बघायचं सुद्धा नाही. माय म्हणाली, "मानू नका म्हणलंय, बघू नका कुठं म्हणलंय?" तर आबा म्हणाले, "दफ्तरात आयुष्य गेलंय माझं. हुकूम निघाला की तो एक पाऊल पुढं जाऊनच पाळावा. मागून कुणी विचारायला नको." झालं. रस्त्यात देऊळ आलं की आबा दुसऱ्या बाजूची गटारं बघत चालतात.

म्हणजे बघा. हणमंतरावांनी भिंत बघितली नाही कारण ते देव मानतात. आबांनी बघितली नाही कारण ते मानत नाहीत. आणि भिंत मध्ये मजेत.

तेवढ्यात दारातून हणमंतरावांचा आवाज चढला. "नामदेवराव, बघा, बघा. गणपतीच्या भोवती बघा."

खरंच होतं. गणपतीच्या फ्रेमच्या कडेने बारीक उजेड येत होता. पिवळा, देवाच्या मागे प्रभावळ असते तसा. हणमंतरावांनी पुन्हा चपला काढल्या. "जागृत वास्तू आहे ही. मी लेखी द्यायला तयार आहे." वकिलांनी खाली मान घातली आणि म्हणाले, "लोकांना प्रचिती येते खरी." आबा उजव्या भिंतीला म्हणाले, "काय झालं?"

वकिलांनी बटण बंद केलं. प्रभावळ गेली. आणि भिंतीपलीकडून मल्लय्याचा आवाज आला, "अरे, फिर गया."

मी तिथंच थांबले. मग सगळे बाहेर पडल्यावर बटण दाबून बघितलं. गणपती उजळला. पलीकडून "आ गया." बंद केलं. "थू." मला जे कळायचं ते कळलं. पुढं जाऊन बघितलं तर मुंग्यांची एक रांग लक्ष्मीच्या मागे जात होती आणि दुसऱ्या बाजूने एकही मुंगी बाहेर येत नव्हती. आणि बाहेर वाऱ्याचं नाव नसताना, आत पंखा नसताना, दत्ताचं कॅलेंडर हलत होतं.

मग चहा आला. वकिलांनी हणमंतरावांसाठी घरची कपबशी आणवली होती. आम्हाला समोरच्या हॉटेलातले काचेचे गिलास. पिऊन झाल्यावर म्हणाले, "नामदेवा, ते गिलास तिकडं बाहेर पायरीवर ठेवून द्या." आबांनी दोन्ही गिलास पायरीवर नेऊन ठेवले, एकमेकांपासून सारख्या अंतरावर, दफ्तरात दौती ठेवतात तसे. मी काही बोलले नाही. मी बोलले नाही याची नोंद घ्यावी, कारण पुढं जे झालं त्यावरून लोक मला तोंडाळ म्हणतात.

खरं सांगायचं तर बोलायला मला परवडत नव्हतं. देवांमागे भेग आहे म्हणाले की सौदा मोडणार. सौदा मोडला की नांदेड, आणि नांदेडच्या पुढं उमरी, आणि उमरीला हिम्मतराव मांजराची वाट बघत बसलेला. गप्प बसले तर चक्की माझी, आणि मोटर सुरू झाली की भिंत माझ्या डोक्यावर. रात्रंदिवस हाच हिशोब डोक्यात. भिंत की हिम्मतराव. कधी कधी भिंत बरी वाटायची.

आबांना मात्र आता इमारतीच्या मजबुतीचा दाखला पाहिजे होता. शिक्का नसलेल्या वस्तूवर आबांचा विश्वास नाही. दाखल्यासाठी ज्या दफ्तरात गेलो त्याचं नाव मी घेत नाही. अंगणात फायलींचे तीन ढीग, एक मुंबईचा, एक म्हैसूरचा, एक इथला, आणि त्यांच्यावर चढून एक बकरी तिन्ही राज्यांना सारखा न्याय देत होती. खिडकीतल्या कारकुनाने तोंडातलं पान गालात ढकललं आणि म्हणाला, "गौलीगुडा? वो फाइल बम्बई को गई."

"दुकान तर इथंच आहे," आबा म्हणाले.

"मालिक का नाम?"

"माधवराव."

"मरहठा नाम है. बम्बई के गठ्ठे में गया."

"मग दुकान बी पाठवून द्या की," मी म्हणाले.

त्याने चष्म्यावरून बघितलं. "दरख्वास्त लाई क्या?"

मी पुढं झाले तर आबांनी माझी वेणी धरून मागे ओढलं. चार दिवस हेलपाटे. एकदा साहेब नाही, एकदा साहेब आहे पण शिक्का म्हैसूरच्या पेटीत गेला. शेवटी त्यांनी एक कागद दिला. फाईल या दफ्तरात उपलब्ध नसल्याने सदर इमारतीविरुद्ध कोणताही दोष नोंदलेला आढळत नाही. आबांनी तो कागद दोन्ही हातांनी घेतला. वाटेत बसमध्ये तीनदा उघडून वाचला.

"बघ सखू. दोष आढळत नाही."

"आबा, फाईल आढळत नाही."

"तेच ते," आबा म्हणाले. "शिक्का बघ किती गोल उठलाय."

मी खिडकीबाहेर तोंड केलं. बाहेर नसतं केलं तर बसमध्ये भांडण झालं असतं, आणि ते सुद्धा स्वतःच्या बापाशी.

तरीपण मोटरीचं मला भ्या होतं. मायला म्हणाले, एकदा मिस्त्री दाखवू. मायच्या ओळखीचे कासिम मिस्त्री आले. म्हातारे, पण हातात हातोडी घेतली की ताठ होतात. चुना चाखणारे ते हेच. त्यांनी फरशी बघितली, छत बघितलं, तीन भिंतींना हातोडी लावून सांगितलं, "पक्का काम है, निजामशाही काम." मग देवांसमोर आले आणि हातोडी पाठीमागे लपवली.

"चाचा, इसको बी मारो ना," मी म्हणाले.

"नक्को बेटी."

"कायकू?"

"पोलिस ॲक्शन के बाद से मैं दूसरों के भगवान को नजर नीची करके देखतूँ. हातोडी मारूँ? कल को मोहल्ला मेरेको मारेगा."

"मग भिंत कशी आहे ते कसं कळणार?"

त्यांनी हळूच वर बघितलं, गणपतीला आणि मग मला. "इत्ते सारे भगवान पकड के खडे हैं. गिरती तो अब तक गिर जाती."

म्हणजे तिसरा गेला. एकाला भक्ती, एकाला शपथ, एकाला भीती. वकिलांनी ती भिंत अशी झाकली होती की हैदराबादेतला कुठलाच माणूस तिच्यापर्यंत पोचू नये. मी आबांना म्हणाले, देव बाजूला करून दाखवा म्हणून वकिलांना सांगा. आबांनी खरंच विचारलं, हे त्यांचं मोठेपण. वकील म्हणाले, "देव असे हलवतात का, नामदेवा? मुहूर्त लागतो. रजिस्ट्री होऊ दे, मग भटजींना घेऊन येतो." म्हणजे आधी अंगठा, मग भिंत. लग्नानंतर नवऱ्याचं तोंड बघण्यासारखं. हिम्मतरावाचं निदान मी आधी बघितलंय.

बयाणा द्यायचा दिवस ठरला. दुकानातच बसायचं ठरलं. सतरंजी अंथरली, वकील मधोमध, हणमंतराव साक्षीदार म्हणून लोडाला टेकून, आबा सतरंजीच्या कडेला अर्धे बाहेर. माय आली नाही, घरात लग्नाच्या साड्या काढून ठेवायच्या की परत ठेवायच्या, हे तिला संध्याकाळी कळणार होतं. मी देवांच्या भिंतीजवळ उभी. वकिलांनी बटण दाबलं. गणपती उजळला. हणमंतरावांनी हात जोडले, "शुभशकुन."

मी ठरवलं होतं, बोलायचं नाही. घ्यायचं दुकान. चक्की घालायची दूरच्या भिंतीला, मोटर हळू चालवायची. भेग मागून बुजवू. खरंच ठरवलं होतं. आबांनी टाक काढला, शाईत बुडवला.

माझी पाठ दुखायला लागली म्हणून मी जरा मागे टेकले. टेकले म्हणजे काय, ओढणीचं टोक लक्ष्मीला लागलं असेल.

"ए पोरी," वकील म्हणाले, "लांब हो तिथून. अजून रजिस्ट्री झालेली नाही. आणि झाली तरी देव माझे आहेत. तुमचं आता सगळं वेगळं झालंय ना?" मग हणमंतरावांकडे बघून हसले. "आधी तरी कुठं एक होतं म्हणा."

हणमंतराव हसले नाहीत, पण गप्प बसले. आबांनी टाक पुन्हा शाईत बुडवला, बुडवलेलाच होता तरी.

मी वळले, गणपतीला दोन्ही हातांनी धरलं आणि खिळ्यावरून उतरवलं.

आपटला नाही हं. लोक म्हणतात आपटला. राग माझा त्याच्यावर नव्हता. तो बिचारा कित्येक वर्षं दुसऱ्याची भेग अंगावर घेऊन उभा होता. मी त्याला कापडाच्या दुकानातून मागे उरलेल्या गादीवर नीट टेकवून ठेवलं. मग लक्ष्मी. मग कॅलेंडरं, ती मात्र ओढली.

भिंतीत छतापासून गुडघ्यापर्यंत भेग. वर बोटाएवढी, गणपतीच्या जागी हात जाईल एवढी. तिच्यातून एक काळी वायर आमच्या बाजूच्या बटणाकडे आलेली. आणि वायरीच्या वर, पलीकडून, मल्लय्याचा एक डोळा.

"नमस्ते अम्मा," डोळा म्हणाला.

वकील उठले. देवाला हात लावला म्हणून ओरडायला उठले होते, तोंड उघडलेलं, पण मध्येच नजर वायरीवर गेली. माणसाला एका वेळी एकच राग करता येतो. मला जास्त येतात, पण मला सवय आहे. वकिलांची पंचाईत झाली. माझ्याकडे बघून "देव बाट..." आणि भेगेकडे बघून "माझी वीज..."

"मल्लय्या, माझ्या मीटरवरून?"

"वकीलसाब," मल्लय्या भेगेतून शांतपणे म्हणाला, "दरार आपकी, तार मेरी. आप चुप थे, मैं बी चुप था."

"तुला किती दिवस माहीत..."

"आपने गणपती लगाया, उस दिन से. हातोडी से खीला आपने ठोका ना, तभीच तो फटी."

हणमंतराव प्रभावळीच्या जागेकडे बघत होते. म्हणजे आपण कशाला हात जोडले, ते त्यांना कळत होतं हळूहळू. तेवढ्यात वरून चुन्याचं एक ढेकूळ सुटलं आणि बरोबर त्यांच्या टोपीवर पडलं. बाहेर बाजार गोळा झालाच होता. शटर उघडं होतं, मी उघडंच ठेवलं होतं.

वकिलांनी शेवटी एक राग निवडला. सोपा तो निवडला. "नामदेवा, तुझ्या पोरीनं देवाला हात लावला. सगळ्यांनी बघितलंय. सौदा मोडला. चालते व्हा."

मला वाटलं, संपलं. चक्की गेली. आबा आता दोन्ही हात जोडणार, माफी मागणार, घरापर्यंत माझ्याशी बोलणार नाहीत, आणि तिथून थेट उमरी. आबांची दफ्तरात सगळ्या साहेबांकडे सगळी माफी मागून झालेली आहे, न केलेल्या चुकांची सुद्धा.

आबांनी टाक पुसला. दौतीला झाकण लावलं. टाक खिशात ठेवला. मग उठले आणि पहिल्यांदा डावीकडे वळले. गादीवरच्या गणपतीला नीट बघितलं, मग भेग बघितली, वरून खालपर्यंत.

"वकीलसाहेब," आबा म्हणाले, आवाज दफ्तरातलाच, हळू. "माझ्या मुलीनं देवाला हात लावला. बरोबर आहे. आता तुम्ही भिंतीला हात लावा."

"म्हणजे?"

"तुमचीच आहे. लावा हात. जरा जोरात."

बाजार दोन पावलं मागे सरकला. वकिलांनी भिंतीकडे बघितलं. हात उचलला नाही. मल्लय्याने पलीकडून डोळा काढून घेतला, भिंत पडलीच तर असावं म्हणून.

"मग निघतो," आबा म्हणाले. हणमंतरावांच्या टोपीवरचा चुना झटकला आणि आम्ही निघालो.

घरी मायने काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. साड्या बाहेरच राहिल्या. ओट्यावरच्या लोकांना आता नवीन काम मिळालं. आम्ही आधीच म्हणत होतो, असं सगळे म्हणाले, घ्या म्हणणारे सुद्धा. छतवाली बाई म्हणाली, बघा, मी छत म्हणाले होते, भिंत निघाली, तेच ते. हिम्मतरावाच्या घरून निरोप आला की मुलगी देवाला धरून ओढते असं ऐकलं, तरी चालेल. तरी चालेल. मी दोन दिवस जेवले नाही, तिसऱ्या दिवशी रागानेच जेवले.

पण मल्लय्या भांडीवाला होता. भांडीवाल्याकडे रोज अर्धं शहर येतं. त्याने येईल त्याला भेग दाखवली, वर कल्हईबरोबर पूर्ण गोष्ट फुकट. वकिलांकडे आणखी दोन गिऱ्हाइकं आली होती, ती भेगेत हात घालून परत गेली. इकडं वकिलांचं सामान औरंगाबादच्या मालगाडीत चढलं. बिछाना सुद्धा गेला म्हणे, सतरंजीवर झोपायले होते.

हणमंतराव आले. ओट्यावर बसले नाहीत, उभेच राहिले. आबांना म्हणाले, "नामदेवराव, वकिलांनी निरोप दिलाय, दुकान तुम्हीच घ्या म्हणून. तेही नामदेवरावच म्हणाले." मग जरा थांबून, "त्या दिवशी मी गप्प बसलो. बसायला नको होतं." आबा म्हणाले, "बसा आता." मायने चहा आणला, आमच्या कपात. हणमंतराव प्यायले, आणि कप कुठं ठेवावा ते न कळून तो हातातच धरून बसले.

आबांची अट एकच. भिंत पायापर्यंत पाडायची आणि वकिलांच्या खर्चाने नवीन बांधायची, मग सही. देव त्याआधी हलवायचे. त्याला भटजी मिळाले नाहीत, मुहूर्त निघाला नाही. वकील स्वतः रिक्षात बसले, गणपती मांडीवर, बालाजी पायाशी, आणि गेले. वाईट वाटलं मला. गणपतीचं.

कासिम मिस्त्रींनी भिंत पाडली तेव्हा मल्लय्याचं दुकान आणि आमचं एक झालं, तो मधोमध बसून म्हणाला, लाइट का कुछ करो अम्मा. मी म्हणाले, मीटर लावून घे. त्याने तोंड वाकडं केलं. पण सही झाली, मायच्या साड्या परत पेटीत गेल्या, आणि चक्की सुरू झाली त्या दिवशी पहिला डबा त्याच्या बायकोनेच आणला. तिच्यामागे दोघी आल्या, मग कुणी नाही, मग संध्याकाळी एक आली. काही जणी दारातूनच परत गेल्या, कुणाची चक्की आहे ते विचारून. जाऊ देत. ज्या आल्या त्यांचं ज्या क्रमाने आल्या त्या क्रमाने दळलं. मोटर जोरात चालवली. भिंत हलली नाही.

फक्त एक झालं. नव्या भिंतीला मधोमध ओल आली, ताटाएवढा काळा डाग. कासिम चाचा म्हणाले, चुना सूखेगा तो जाएगा. त्याच संध्याकाळी आबा हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. बुद्धाची तसबीर, नवी, फ्रेम केलेली. भिंतीकडे बघितलं, स्टूल घेतलं, खिळा ठोकला आणि तसबीर लावली. बरोबर त्या डागावर.

मी मोटर बंद केली.

"काय झालं?" आबा म्हणाले.

मी स्टुलावर चढले आणि तसबिरीला हात घातला.

"अगं, पिठाचे हात. हात धुऊन तरी..." आबा म्हणाले, आणि तिथंच थांबले.  मल्लय्या पलीकडं भांडं ठोकत होता, तोही थांबला, त्याला भेग नसली तरी ऐकू येतं.

मी हात धुतले नाहीत. तसबीर उतरवली, समोरच्या कोरड्या भिंतीवर लावली. स्टूल आबांनी धरलं. फ्रेमवर पिठाची दहा बोटं उमटली, ती आबांनी पुसली नाहीत.

डाग उघडाच आहे. दळण घेऊन येणारी प्रत्येक बाई आधी त्याच्याकडे बोट दाखवते आणि विचारते, ही भिंत पडणार तर नाही ना. मी म्हणते, हात लावून बघा.